ती ठीक आहे, असं मी म्हणाले

माझी मुलगी स्कीइंगच्या शर्यतींत उतरायची असं सांगितलं, की लोक आधी हसतात. सिंगापूरची मुलगी आणि स्कीइंग? मी हसू देते. मग ते विचारतात, आता काय करते ती? तिथे मी विषय बदलते. गेली चार वर्षं बदलत आले आहे. म्हणून एकदा सगळं लिहून काढायचं ठरवलं.

ती सात वर्षांची असताना तिच्या वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवस मॉलमधल्या इनडोअर स्कीच्या जागेत होता. बर्फ नव्हताच. एक मोठं उतरतं कार्पेट, ओलं केलेलं, आणि ते खालून वर सरकत राहणारं. पायांत स्की बांधून मुलांनी त्यावर उभं राहायचं, म्हणजे जागच्या जागी उतार उतरल्यासारखं होतं. बाकीची मुलं समोरचा दांडा धरून किंचाळत होती. हिने दहा मिनिटांत दांडा सोडला. तिथला शिकवणारा माझ्याजवळ येऊन म्हणाला, भीती वाटली की माणूस मागे झुकतो, ही पुढे झुकते. हे शिकवून येत नाही.

ते वाक्य मी घरी घेऊन आले. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मी अलेक्झांड्राजवळच्या एका कंपनीत एचआरमध्ये. दोघंही पुण्याहून आलेलो, तोवर पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी झालेलो, वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये राहणारे. खेळाशी आमचा संबंध नव्हता. शाळेत पीटीच्या तासाला मी पोट दुखतंय अशी चिठ्ठी घेऊन जायची. आणि आमच्या घरात असलं काहीतरी जन्माला आलं होतं जे शिकवून येत नाही. नवऱ्याला ते कौतुकाचं वाटलं. मला ते जबाबदारीसारखं वाटलं, आणि ती मी जरा जास्तच मनावर घेतली.

दर शनिवारी मी तिला एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, घेऊन जायची. बूट एवढे जड, की ते गळ्यात अडकवून ती वाकून चालायची. लिफ्टमध्ये शेजारच्या आंटी त्यांच्या सिंगापुरी ढंगात विचारायच्या, "स्नो कुठे आहे लाह?" नवव्या वर्षी डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही तिला जपानला नेलं, पहिला खरा बर्फ दाखवायला. मला वाटलं होतं, ती हरखून जाईल. तिने मूठभर उचलला, दाबून पाहिला, खाली टाकला आणि म्हणाली, कार्पेटपेक्षा स्लो आहे.

तेराव्या वर्षी ती जपानच्या उत्तरेकडच्या एका अकॅडमीत राहायला गेली. शाळा ऑनलाइन. तिचे कोच पन्नाशीचे, स्वतः एकेकाळचे शर्यतपटू, मोजकं इंग्रजी बोलणारे. ते दर रविवारी मला दोन ओळींचा मेसेज पाठवायचे. जेवण चांगलं. डावं वळण अजून आळशी. ती मात्र रोज संध्याकाळी फोन करायची, पाच मिनिटं, मला. नवऱ्याशी ती सुट्टीत यायची तेव्हा बोलायची, भरपूर, हसून. माझ्याशी बोलायची ते कामाचं. झोप किती, वजन किती, आज किती वेळा उतरली. मला हे अंतर जाणवत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा.

ती स्लॅलम करायची. उतारावर थोड्या थोड्या अंतरावर लाल-निळे खांब रोवलेले असतात, प्रत्येकाला वळसा घालत खाली यायचं, दोनदा, आणि दोन्ही वेळा मिळवून निकाल. सोळाव्या वर्षी ती राष्ट्रीय विजेती झाली. अख्ख्या देशात त्या वयाच्या पाच मुली होत्या, तेव्हा नवरा मित्रांना सांगायचा, पाचात पहिली आली. पण सतराव्या वर्षी ती आशियातल्या एका शर्यतीत जपानी आणि कोरियन मुलींना मागे टाकून पहिली आली, आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा दोनदा. मग तो विनोद बंद झाला. पेपरात फोटो आला. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात तिला शाल-श्रीफळ दिलं. मी स्टेजवर दहा मिनिटं बोलले. ती म्हणाली, "थँक यू. मला मराठी बोलायला वेळ लागतो," आणि खाली बसली.

देशाकडून खेळायचं तर नागरिक असायला हवं, म्हणून आम्ही तिघांनी नागरिकत्व घेतलं होतं. भारतीय पासपोर्ट रद्द झाल्याचा शिक्का बसला त्या दिवशी बाहेर आल्यावर मी कॉफी घेऊ या म्हटलं, नवरा नको म्हणाला. तेवढंच. पण यानंतर मागे फिरणं नाही, असं माझ्या मनात पक्कं झालं ते त्या दिवशी.

ती एकोणीस वर्षांची असतानाची ही गोष्ट. त्या हिवाळ्यात जपानमध्येच एका आठवड्यात शुक्रवारी आणि शनिवारी अशा दोन शर्यती होत्या, आणि त्यांत चांगली वेळ दिली तर ती थेट सगळ्यात मोठ्या जागतिक स्पर्धेला जाणार होती. बारा वर्षं ज्यासाठी घातली ते आता चार दिवसांवर आलं होतं. सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला. मी स्वयंपाकघरात होते.

"आज काय केलंस जेवायला?" तिने विचारलं. मी म्हटलं, भेंडी. मग सरावाचं बोलणं झालं. बर्फ कडक आहे म्हणाली. मग पुन्हा विचारलं, "आज काय केलंस जेवायला?" मी म्हटलं, सांगितलं ना, भेंडी. ती बरं म्हणाली. हवेचं काहीतरी बोलली, आणि तिसऱ्यांदा, अगदी त्याच सुरात, "आज काय केलंस जेवायला?"

मी गॅस बंद केला. मग ती म्हणाली, "हे मी आधी विचारलं का?"

"पडलीस का तू?"

"थोडी. हेल्मेट होतं. कोणी पाहिलं नाही."

मी तिला दमली आहेस, झोप असं सांगितलं. फोन ठेवला आणि भेंडी वाढली. नवऱ्याने विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, बर्फ कडक आहे.

मला काही कळत नव्हतं असं नाही. अकॅडमीने पालकांना एक माहितीपत्रक दिलेलं होतं. डोक्याला मार लागल्यावर मूल तेच तेच विचारू लागलं तर काय करायचं, ते त्यात पहिल्याच पानावर होतं. अशा वेळी मुलाला किमान काही आठवडे शर्यतीत उतरवायचं नाही, हेही होतं. ते पत्रक मी एका फाइलमध्ये नीट लावून ठेवलं होतं. मी सगळंच नीट लावून ठेवते.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत मला कोचचा फोन आला. ते सहसा फोन करत नसत. म्हणाले, सकाळी नाश्त्याला जाताना तिने जिन्याचा कठडा घट्ट धरलेला मी पाहिला. तिच्या हेल्मेटवर नवा ओरखडा आहे. तिला विचारलं तर काही नाही म्हणते. पण ती तुमच्याशी रोज बोलते. तुम्ही आई आहात, तुम्हाला फरक कळेल. तुम्हाला जरा जरी शंका असेल तर मी तिचं नाव आत्ता मागे घेतो.

मी ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये उभी होते. हातात डबा होता. मला आठवतं, मी फार विचार केला नाही. लोकांना वाटतं, अशा वेळी माणूस आतल्या आत झगडतो. मी झगडले नाही. उत्तर तयारच होतं.

"ती ठीक आहे," मी म्हणाले. "शर्यतीच्या आधी ती अशीच असते."

ते म्हणाले, "थँक यू, मदर." ते मला मदर म्हणायचे.

शुक्रवारी ती जिंकली. नुसती जिंकली नाही, आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ देऊन जिंकली. व्हिडिओ नंतर आला. मी तो खूपदा पाहिला आहे. त्यात कुठेही काही चूक दिसत नाही. खाली आल्यावर ती हात वर करते, आणि मग बर्फावर बसते, आणि जरा जास्त वेळ बसून राहते. मला ते आनंदाने बसणं वाटलं. त्या संध्याकाळी फोनवर ती फार थोडं बोलली. डोकं दुखतंय म्हणाली. मी म्हटलं, उद्याचा एक दिवस.

शनिवारची शर्यत टीव्हीवर दाखवणार नव्हते. अशा शर्यतींच्या वेळा इंटरनेटवर त्या त्या क्षणी दिसतात. नावांची यादी असते, उताराच्या मध्ये दोन ठिकाणी वेळ मोजतात, ती नावापुढे उमटते, आणि शेवटी एकूण वेळ. मी आणि नवरा सकाळी टेबलाशी बसून ते पाहत होतो. पहिल्या फेरीत ती दुसरी होती. दुसऱ्या फेरीत तिच्या नावापुढे पहिली वेळ आली, हिरव्या रंगात, म्हणजे ती पुढे होती. दुसरी वेळ आली, तीही हिरवी. नवऱ्याने माझा हात धरला. मग काही आलं नाही. नेहमी वीसएक सेकंदांत शेवटचा आकडा येतो. मिनिट गेलं. मग नावापुढे तीन अक्षरं आली, डीएनएफ, म्हणजे शर्यत पूर्ण केली नाही. असं स्लॅलममध्ये रोज कुणाचं तरी होतं. नवरा म्हणाला, जाऊ दे, काल तर जिंकली. पण तिच्यानंतरच्या मुलीच्या नावापुढे वेळ उमटत नव्हती. वीस मिनिटं ती यादी तशीच थांबून होती. शर्यत थांबवली आहे, हे मला तेव्हाच समजलं.

खांबाला स्कीचं टोक अडकून ती डोक्यावर पडली होती. एरवी त्या पडण्याने काही दिवस चक्कर आली असती, असं तिथल्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पण आठवड्याच्या आत दुसरा मार बसला तर मेंदू सुजू शकतो, आणि ती सूज आवरत नाही. आम्ही तिथल्या हॉस्पिटलमध्ये पोहोचलो तोवर तिच्या कवटीचा एक तुकडा काढून ठेवला होता, सुजेला जागा मिळावी म्हणून. डॉक्टर दुभाष्यामार्फत विचारत होते, या आठवड्यात आधी कधी डोक्याला लागलं होतं का? नवरा म्हणाला, नाही. कोच खोलीच्या दाराशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नवऱ्याच्या बाजूला उभी राहिले आणि काही बोलले नाही.

ती सतरा दिवस बेशुद्ध होती. जगली. लोक म्हणतात, देवाची कृपा, आणि मी मान हलवते.

चार महिन्यांनी आम्ही तिला घरी आणलं. उजेड सहन होत नव्हता, म्हणून दिवसभर पडदे ओढलेले. आवाज सहन होत नव्हता. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली तरी ती कान दाबून धरायची. कुकरची शिट्टी झाली की उलटी व्हायची, तेव्हापासून आमच्या घरात भात उघड्या पातेल्यात होतो. दोन ओळी वाचल्या की डोकं धरायची. सरळ रेषेत चालायला तिला पुन्हा शिकावं लागलं. ती, जी पुढे झुकायची, भिंतीला हात लावत बाथरूमपर्यंत जायची.

तो शुक्रवार तिला आठवत नाही. एकदा नवऱ्याने हौसेने तिला तो व्हिडिओ दाखवला, लहान स्क्रीनवर, आवाज बंद करून. तिने शेवटपर्यंत पाहिला. मग म्हणाली, "शी इज गुड." कोणा दुसऱ्या मुलीबद्दल बोलावं तसं. नवरा बाहेर येऊन गॅलरीत बराच वेळ उभा राहिला.

अकॅडमीने चौकशी केली. तिच्याबरोबरच्या एका मुलीने सांगितलं की सोमवारी पडल्याचं ती तिच्याकडे बोलली होती. हेल्मेटवर ओरखडा होता आणि कोचनी तो पाहिला होता, हेही निघालं. त्यांना विचारलं, मग उतरू का दिलं? ते म्हणाले, माझा अंदाज चुकला. मला केलेल्या फोनबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. त्यांना काढून टाकलं. अहवालाची प्रत आम्हालाही आली. नवऱ्याने ती वाचली आणि त्या माणसाला जेवढ्या शिव्या देता येतील तेवढ्या दिल्या. तो कधी शिव्या देत नाही. मी ऐकत बसले.

असं दीड वर्ष गेलं. मग अकॅडमीतल्या तिच्या त्या मैत्रिणीच्या आईकडून सहज बोलता बोलता कळलं, की कोच आता एका स्कीच्या गावात भाड्याचे बूट देण्याच्या दुकानात काम करतात. गुडघ्यावर बसून लोकांचे बूट बसवून देतात. मी चांगलं बोलून फोन ठेवला. मग संगणक उघडून अकॅडमीला पत्र लिहिलं, जे झालं ते तसंच. पाठवायच्या आधी स्वयंपाकघरात गेले आणि नवऱ्याला सांगितलं.

तो तांदूळ धूत होता. त्याने नळ बंद केला.

"कधी आला होता फोन?"

"मंगळवारी. दुपारी."

"आणि हॉस्पिटलमध्ये मी नाही म्हटलं, तेव्हा तुला माहीत होतं."

मी हो म्हटलं. त्याने तांदूळ पुन्हा धुतले, ते धुऊन झालेले होते तरी. मग म्हणाला, "तिला तू सांग. मी नाही सांगणार." त्यानंतर कितीतरी महिने तो माझ्याशी लागेल तेवढंच बोलला. वीज, पाणी, तिची औषधं. भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी तिच्या खोलीत गेले. अंधारात ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी जमिनीवर बसले आणि हळू आवाजात सगळं सांगितलं, भेंडीपासून. ती वळली नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "माहितीये मला."

"काय माहितीये?"

"मी तिथेच होते. कोचनी फोन स्पीकरवर ठेवलेला. मला बोलले, आईला विचारू या, ओके?" ती शब्द शोधत, थांबत बोलायची तेव्हा. "त्या वीकमधलं मला तेवढंच आठवतं. तुझा आवाज. शी इज फाइन."

मी म्हटलं, "मग तू का नाही बोललीस?"

"मी नो म्हणू शकत नव्हते, आई. मला ते येतच नव्हतं. मला वाटलं, तू म्हणशील."

मी तिच्या पाठीला हात लावायला गेले. तिने अंग चोरलं नाही, पण वळलीही नाही. थोड्या वेळाने म्हणाली, आता जा, डोकं दुखतंय.

अकॅडमीचं उत्तर आलं, छोटं, सभ्य. नोंद घेतली आहे. कोचना परत बोलावलं आहे, त्यांनी नकार दिला आहे. मी त्यांनाही पत्र लिहिलं, दुकानाच्या पत्त्यावर. त्यांच्या उत्तराची मी अपेक्षा केली नव्हती, पण ते आलं, हाताने लिहिलेलं. तिने कठडा धरलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता, असं त्यांनी लिहिलं होतं. ओरखडाही पाहिला होता. मला तुम्हाला विचारायची गरज नव्हती. मी विचारलं, कारण मला स्वतः ठरवायचं नव्हतं. हे वाचून तुमचं ओझं कमी करून घेऊ नका, हे माझं आहे. पुन्हा लिहू नका, अशी विनंती होती. मी लिहिलेलं नाही.

आता ती तेवीस वर्षांची आहे. मागच्या वर्षी घर सोडून तिने सिंगापुरातल्याच क्वीन्सटाउनला एका म्हाताऱ्या चिनी बाईच्या फ्लॅटमध्ये खोली घेतली. त्या बाईला आवाज आवडत नाही, टीव्हीसुद्धा नाही, म्हणून दोघींचं जमतं. जुरोंग ईस्टला कंपन्यांचे जुने कागद सांभाळणारं एक गोदाम आहे, तिथे ती अर्धा दिवस काम करते. खिडक्या नाहीत, मंद दिवे, गारवा. खोके क्रमाने लावायचे असतात. तिला ते बरं वाटतं म्हणते. स्कीइंगबद्दल ती बोलत नाही, आणि पदकं कुठे आहेत हे तिने कधी विचारलं नाही. वाईट दिवस महिन्यातून सहा-सात येतात. तेव्हा ती कामावर जात नाही आणि कोणाचा फोन घेत नाही.

एकदा मी पुन्हा माफी मागायला लागले तेव्हा तिने मला थांबवलं. म्हणाली, "रोज राग नसतो, आई. पण ज्या दिवशी असतो त्या दिवशी मला ऐकवू नको." तेव्हापासून मी मागत नाही.

दर रविवारी दुपारी ती जेवायला येते. गेल्या रविवारी उशीर झाला. एमआरटी बदलताना स्टेशनात कसलीतरी गर्दी होती, ढोल होते, आणि तिला कोणत्या बाजूला जायचं तेच कळेना. ती प्लॅटफॉर्मवर भिंतीला टेकून खाली बसली आणि फोन केला. फोन माझा नाही, त्याचा वाजला. "बाबा, तू ये," एवढंच म्हणाली. मी ते शेजारी बसून ऐकलं. तो चपला घालून निघाला. मी येऊ का असं विचारलं नाही, त्यानेही म्हटलं नाही.

मी वाढलेली ताटं झाकून ठेवली. पडदे ओढले. दीड तासाने दोघं आली. तिने डोळ्यांवर त्याची टोपी ओढलेली होती. तिने भात दोनदा घेतला. मग तिच्या जुन्या खोलीत जाऊन झोपली, आणि उठल्यावर तो तिला पोहोचवायला निघाला. दारात बूट घालायला वाकली तेव्हा तोल जाऊ नये म्हणून तिने त्याचा खांदा धरला.

"येते, आई," ती म्हणाली.

मी म्हटलं, सावकाश जा. ती दोघं लिफ्टकडे गेली.